पहिला पावसाळा शाळा न सोडता काढा: जांबोटीकडं यर्टमध्ये राहणं आणि मुलांना घरी शिकवणं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बेळगावात फ्लॅट, मिस्टर घरून काम करणारे, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच, जांबोटीच्या पुढं दीड एकर घेतलंय, तिथं यर्ट, म्हणजे जाळीच्या भिंतीचं गोल कापडी घर, उभारून येत्या जूनपासून राहायला जायचं आणि त्याच जूनपासून मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायचं. विचारलंय दोनच गोष्टी, यर्ट आपल्या पावसात टिकेल का आणि मुलं मागं पडतील का. घरचे विरोधात आहेत हे पण लिहिलंय. आम्ही खानापूर तालुक्यातच जंगलाच्या कडेला अशाच गोल घरात नऊ पावसाळे काढलेत, आलो तेव्हा थोरली सहाची होती आणि धाकटा दोनचा, आता ती पंधराची आणि तो अकराचा, त्यामुळं जरा लांबून सांगते, वेळ काढून वाचा.

मला वाटतं तुमचे हे दोन प्रश्न मुळात दोन वेगळे निर्णय आहेत आणि तुम्ही ते एका गाठोड्यात बांधलेत. कुठं राहायचं हा एक, शाळा ठेवायची की नाही हा दुसरा. आम्ही पण अगदी हेच केलं, एकाच जूनमध्ये दोन्ही, आणि पहिल्या वर्षी जे काही बिघडलं ते घरामुळं बिघडलं की शिकवण्यामुळं हे आम्हालाच कळत नव्हतं. मुलगी चिडचिड करायची ती गणितामुळं की ओल्या अंथरुणामुळं? नवरा-बायकोची भांडणं कशावरून? म्हणून तुम्ही बाकी काही ऐकलं नाही तरी एवढं ऐका, दोन्ही करा खरं एकाच वर्षी करू नका. आणि पहिलं काय करायचं ते तुमच्या परिस्थितीवर आहे. गाडी आहे का, जागेपासून डांबरी रस्ता किती लांब, मधे ओढा आहे का, मिस्टरांच्या कामाला इंटरनेट किती लागतं, घरात अजून कोण वयस्कर येणार आहे का, हे मला माहीत नाही. मी आमच्या अनुभवावरून बोलते, त्यातलं तुमच्याकडं लागू पडेल ते घ्या.

आधी यर्टचं बोलूया. हे घर मुळात मंगोलिया, कझाकस्तान, किर्गिझस्तानच्या गवताळ पठारावर मेंढ्या-घोडे घेऊन फिरणाऱ्या लोकांचं. मंगोल लोक त्याला गेर म्हणतात. आपल्या धनगरांसारखीच माणसं, हंगाम बदलला की घर उचलून पुढं. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची घडी होणारी जाळी, तिच्यावर टेकलेल्या छपराच्या काठ्या, त्या वर मधोमध एका कड्यात अडकवलेल्या, आणि सगळ्यावर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. आपल्याकडं पिंजारी लोक जेन बनवतात ना, त्याचाच भाऊ. छपराच्या काठ्या भिंतीला सतत बाहेर ढकलत असतात आणि भिंतीच्या वरच्या कडेला गुंडाळलेला पट्टा ते ढकलणं धरून ठेवतो, म्हणून आत एकही भक्कम भिंत नसताना ते वाऱ्यात उभं राहतं. गेर बांधण्याच्या या कारागिरीला २०१३ मध्ये युनेस्कोनं वारशाच्या यादीत घेतलं, इतकी ती पक्की विद्या आहे.

खरं ती विद्या कोरड्या मुलखाची आहे. मंगोलियाच्या बऱ्याच भागात वर्षाकाठी २००-३०० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि आपल्या कणकुंबीच्या बाजूला जुलैत झड लागली की तेवढा दोन-तीन दिवसांत पडून जातो. जांबोटी कणकुंबीइतकं नाही तरी बेळगाव शहराच्या हिशेबानं तिथला पाऊस धरू नका, शहरातून जांबोटी रस्त्यानं जाताना दर पाच-दहा किलोमीटरला झाडी आणि पाऊस दोन्ही वाढत जातात हे तुम्ही बघितलंच असेल. म्हणजे इंटरनेटवरचं चित्र बघून नमद्याचं यर्ट आणलं तर पहिल्या श्रावणात त्याला बुरशी आणि नंतर कसर. आम्ही लोकर वापरली ती फक्त आतून, छताखाली एक थर, तो पण दिवाळीनंतर लावतो आणि मेमध्ये काढून उन्हात घालून ट्रंकेत ठेवतो. बाहेरून पीव्हीसी कोटिंगचं जाड कापड, ट्रकच्या ताडपत्रीपेक्षा वरच्या दर्जाचं, शिवण गरम हवेनं जोडलेली, सुई-दोऱ्यानं शिवलेली घेऊच नका, प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपतं. आमचं पहिलं कापड पाच वर्षांत गेलं. पावसानं त्याला तेवढं मारलं नाही, मार्च ते मेच्या उन्हानं ते कडक झालं आणि मग एका वळवाच्या वादळात वारा ज्या बाजूनं लागला तिथून दीड हात फाटलं, रात्री अकराला, मुलं झोपलेली. तेव्हापासून मी सांगते, दर पाच-सहा वर्षांनी कापडाचा खर्च बाजूला ठेवा आणि एक मोठी जुनी ताडपत्री, दोर आणि बॅटरी कायम दाराशी तयार ठेवा.

जोतं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि लोक तिथंच चुकतात. आपल्याकडं जांभ्याचे चिरे मिळतात, अडीच-तीन फूट जोतं घ्या, आणि जोत्याचा घेर यर्टच्या घेराएवढाच ठेवा, बोटभर पण जास्त नको. लोकांना वाटतं पुढं जरा ओटा असला की बसायला बरं. तो ओटा पावसाचं पाणी झेलतो आणि ते सरळ भिंतीखालून आत येतं. भिंतीचं कापड जोत्याच्या कडेवरून खाली लोंबतं राहिलं पाहिजे, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर. आम्ही पहिल्या वर्षी चारी बाजूनं फूटभर ओटा ठेवला होता, ऑगस्टमध्ये तो फोडून काढला.

छपराचा उतार जास्त ठेवा. मंगोल गेर तसं बसकं असतं, किर्गिझ-कझाक घर जरा उभट, आपल्याला दुसरं चालतं. वरचं गोल कडं मंगोल लोक धूर जायला उघडं ठेवतात, आपण त्याच्यावर पारदर्शक डोम बसवायचा आणि डोमची कड कापडावर चांगली हातभर चढवायची. आणि दार. ते लोक दार दक्षिणेकडं ठेवतात कारण त्यांचा बोचरा वारा उत्तरेकडून येतो. आपला पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो, तिकडं दार ठेवलं तर उघडायची सोय नाही, म्हणून आमचं पूर्वेला. यात एक चांगलं झालं, सासूबाईंना दक्षिणेचं दार अजिबात चालणार नव्हतं, त्यांची काळजी मिटली. देव्हारा दारासमोर पश्चिमेला ठेवला, गेरमध्ये पण देव दारासमोरच असतो म्हणे, हे त्यांना सांगितल्यावर त्या पहिल्यांदा या घराबद्दल जरा मऊ झाल्या.

लाकडाऐवजी आम्ही माणगा बांबू वापरला, आपल्या भागात आणि खाली कोकणात मिळतो, भरीव असतो. तो पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवून मगच लावा. आम्ही गडबडीत निम्मा तसाच लावला, त्या निम्म्याला दुसऱ्या वर्षी भुसा पाडणारा किडा लागला, रात्री शांत असलं की कुरतडल्याचा आवाज यायचा.

आणि हे लक्षात ठेवा की कापडाच्या घरात चूल नाही, गॅस नाही, देवाजवळची समई पण भिंतीपासून लांब. कापडाचं घर पेटलं की विझवायला वेळ मिळत नाही. आमचं स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास चिऱ्यांच्या भिंती आणि कौलांचे, आणि तिथून यर्टच्या दारापर्यंत पत्र्याची पडवी. तुमच्याकडं पैसे मोजकेच असतील तर हे पक्कं बांधकाम आधी करा आणि यर्ट नंतर. पाच वर्षांच्या पोराला रात्री दोनला पावसात बॅटरी घेऊन पन्नास पावलं संडासला न्यायचं, वाटेत मण्यार असू शकते, हे रोज होत नाही. झालं ते एकदाच, आणि तेवढं पुरलं. गवे येतात, कापडाला काही करत नाहीत. वानरांचा त्रास जास्त, उंच झाडावरून छपरावर उडी मारतात, म्हणून यर्टवर फांदी यायला नको, आणि उन्हाळ्यात सावली तर पाहिजे, त्यामुळं झाडं पश्चिमेला वीस-पंचवीस फूट लांब.

आता घरात राहायचं कसं. आमचं मोठं यर्ट २० फूट व्यासाचं, म्हणजे ३१४ चौरस फूट, तुमच्या फ्लॅटच्या हॉल-किचनएवढं. त्यात कोपरा नाही. हे ऐकायला छान वाटतं, राहायला लागल्यावर कळतं की माणसाला कोपरा लागतो. रुसायला लागतो, कपडे बदलायला लागतो, फोनवर आईशी मनातलं बोलायला लागतो. कपाट गोल भिंतीला टेकत नाही, मागं फट राहते आणि ती फट उंदरांची वाट होते, म्हणून आमच्याकडं सगळं ट्रंकांत आणि बुटक्या मांडण्यांवर, भिंतीपासून वीतभर पुढं. पुस्तकं पहिल्या वर्षी भिंतीला लावून ठेवली होती, गणपतीपर्यंत निम्म्यांवर पांढरी बुरशी, त्यात माझ्या वडिलांची काही जुनी पुस्तकं होती, त्याचं दुःख अजून आहे. आता पावसाळ्यात लागतील तेवढी वीस-पंचवीस बाहेर आणि बाकी घट्ट झाकणाच्या पेट्यांत.

आवाजाबद्दल कुणी सांगत नाही. जोराचा पाऊस आला की कापडाच्या छताखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, ओरडावं लागतं. तुमच्या मिस्टरांचे कॉल जुलैत त्या खोलीतून होणारच नाहीत. आम्ही तिसऱ्या वर्षी १४ फुटांचं छोटं यर्ट पंचवीस पावलांवर उभारलं आणि त्यावर वरून कौलारू छप्पर घातलं, म्हणजे पाऊस कापडावर पडतच नाही. ते चाललं. खरं सांगायचं तर आज नव्यानं करायचं असतं तर मोठ्यावर पण तसंच छप्पर घातलं असतं. मग यर्ट कशाला, साधं कौलारू घरच बांधा असं कुणी म्हणेल, आणि ते म्हणणं चुकीचं नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर गोल खोलीत रात्री चौघं मधे डोकी करून झोपतो आणि वरच्या डोममधून चांदणं दिसतं, ते मुलांना आवडतं, मला पण आवडतं, आणि हिवाळ्यात भिंतीचं कापड वर गुंडाळलं की घर आणि रान एकच होतं. तेवढ्यासाठी एवढे कष्ट करायचे का हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेतजमिनीवर राहतं घर कितपत चालतं, एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, लागेल का, हे तुमचा उतारा घेऊन तलाठ्याकडं आणि पंचायतीत पैसे घालवण्याआधी विचारा. कापडाचं घर तात्पुरतं म्हणून कुणी विचारणार नाही हे खरं नाही, पक्कं स्वयंपाकघर बांधलं की विचारतातच. आणि जागा भीमगड अभयारण्याच्या जवळ असेल तर वनखात्याकडं पण.

आता शाळा. तुमच्या घरचे घाबरलेत त्याचं मोठं कारण कायदा असणार, तर तो नीट समजून घ्या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय. घरी शिकवण्याचा उल्लेख त्यात नाही, आणि शाळेत न घातल्याबद्दल पालकांना दंड पण त्यात लिहिलेला नाही. म्हणजे हे उघड परवानगी असलेलं काम नाही, आणि गावात शाळाबाह्य मुलांची पाहणी होते तेव्हा शिक्षक, अंगणवाडीच्या बाई तुमच्या दारात येणार. त्यांना चोर समजू नका, त्यांचं कामच आहे ते, आणि आपल्या भागात ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांची कितीतरी मुलं खरोखर शाळेबाहेर असतात. आम्ही त्यांना चहा दिला, वह्या दाखवल्या, मुलांना वाचायला लावलं. दरवर्षी येतात, दरवर्षी दाखवतो. त्याच कायद्याचं चौथं कलम तुमच्या फायद्याचं आहे, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागं पडलेलं भरून काढायला मदत करायची. म्हणजे परत जायचा दरवाजा उघडा आहे. शाळा सोडताना दाखला घ्या आणि मुलीचा सॅट्स नंबर, म्हणजे राज्याच्या शाळा-नोंदीतला तिचा क्रमांक, जपून ठेवा, परत जाताना तोच लागतो.

दहावीचं म्हणाल तर एनआयओएस आहे, १९८९ पासून चाललेलं केंद्राचं मुक्त बोर्ड, कर्नाटकासाठी विभागीय केंद्र बेंगळुरूला. चौदा पूर्ण झालं की दहावीला नाव नोंदवता येतं, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा पाहिजेच, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेची संधी. दहावी मराठी माध्यमातून पण देता येते, हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. लहानांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या ए, बी, सी अशा पायऱ्या आहेत. मी आतापर्यंत चार-पाच घरांना फॉर्म भरायला मदत केलीय, त्यात कठीण काही नाही, फक्त तारखा चुकवायच्या नाहीत.

तर इथवरचं एका दमात, कापड पाच-सहा वर्षांचं समजा, जोतं घेराएवढंच, स्वयंपाक-न्हाणी पक्की आणि आधी, दाखला आणि सॅट्स नंबर हातात, दहावीची वाट आहे. आता मागं पडतील का, यावर.

आम्ही पहिल्या वर्षी भिंतीवर वेळापत्रक लावलं, आठ तास, चाळीस-चाळीस मिनिटांचे. तीन आठवड्यांत मोडलं. कारण शाळेत बाई एका खोलीत असतात आणि त्यांचं घर दुसरीकडं. इथं मीच बाई, मीच आई, तिकडं डाळ उतू जातेय, धाकटा अंगावर चढतोय, आणि चूक दाखवली की पोरगी बाईंवर रुसत नाही, आईवर रुसते, आणि जायला दुसरी खोली नाही. शेवटी तीनच गोष्टी रोजच्या ठेवल्या, गणित, एका भाषेत पानभर लिखाण आणि मोठ्यानं वाचन. सकाळी दोन-अडीच तास, बस. बाकी सगळं हंगामावर. जून ते सप्टेंबर पावसाच्या आवाजात मोठ्यानं वाचन होत नाही, मग ते पहाटे, झड थांबलेली असते तेव्हा, आणि दुपारी लिखाण, चित्रं, विणकाम, हातकाम. जानेवारी ते एप्रिल फिरणं.

घर स्वतःच शिकवायला मदत करतं, ते मात्र मनापासून सांगते. धाकट्यानं दोरीनं यर्टचा घेर मोजला, ६२ फूट १० इंच, व्यास २०, भागाकार केला आणि ३.१४ आल्यावर तो परत परत मोजत बसला, मग छोट्या यर्टला जाऊन मोजलं, तिथं पण तेच. भिंतीच्या जाळीला मंगोल भाषेत खाना म्हणतात, हे कळल्यावर खानापूरचं नाव त्यावरूनच पडलं असं तो महिनाभर दुकानदारापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत होता, आणि मग तसं नसणार हे त्याचं त्यानंच शोधून काढलं. पर्जन्यमापक म्हणजे साधा सरळ भिंतीचा डबा आणि पट्टी, रोज सकाळी आठला मोजायचं, वहीत लिहायचं, महिन्याचा आलेख. सहा वर्षांच्या वह्या आहेत आता.

आणि नद्या. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि आपल्याच तालुक्यातून म्हादई गोव्याकडं उतरते. थोडक्या अंतरावर पडलेलं पाणी, एक कृष्णेतून बंगालच्या उपसागराला, एक मांडवी होऊन अरबी समुद्राला. आम्ही दोन वर्षांत सुट्या सुट्या फेऱ्यांत मलप्रभेच्या काठानं गेलो, कणकुंबी, खानापूर, सौंदत्तीजवळचं नवीलतीर्थ धरण, पट्टदकल, ऐहोळे आणि शेवटी कूडलसंगम, जिथं ती कृष्णेला मिळते. भूगोल झाला, चालुक्य झाले, बसवण्णा झाले, आणि कन्नड पाट्या वाचून वाचून कन्नड लिपी झाली.

कन्नडबद्दल एक सांगते, सीमाभागातल्या मराठी घरात हा विषय नाजूक असतो, आमच्या पण घरात होता. घरी मराठी वाचायला, लिहायला, भांडायला मराठी, यात तडजोड करू नका, घरी शिकवताना मराठी पक्की होते हा मला या सगळ्यातला मोठा फायदा वाटतो. खरं मुलांना याच मातीत राहायचं असेल तर कन्नड चांगलं आलंच पाहिजे. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायचीच आहे, म्हणजे तुमची मुलं उद्या परत शाळेत गेली तर तिथंच अडकतील. मी स्वतः मोडकं कन्नड बोलते, म्हणून गावातल्या एका निवृत्त अक्कोर, म्हणजे कन्नड शाळेतल्या बाई, आठवड्यातून दोन दिवस मुलांना बोलवायच्या. ते उशिरा सुरू केलं. त्याचा फटका थोरलीला बसला.

थोरलीचं असं झालं. बाराव्या वर्षी ती एकदम गप्प झाली. मला वाटलं वय आहे. एके दिवशी तिनं विचारलं, "आई, मला मैत्रिणी कुठून मिळणार?" गवळीवाड्यातली मुलं होती खेळायला, खरं ती दिवसभर शाळेत, आणि पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की चार-चार दिवस आम्ही चौघंच. तिला घरात शिकायला कंटाळा नव्हता, तिला माणसं पाहिजे होती. मी दोन महिने तिला समजावत राहिले, घरी किती छान आहे वगैरे, ते मी करायला नको होतं. शेवटी ती आठवीत शाळेत गेली, तिच्या मर्जीनं. गणित, विज्ञान, वाचन यात ती वर्गाच्या पुढंच होती. अडली ती तीन ठिकाणी. कन्नड व्याकरण, वेळ लावून लिहिणं, आणि तीन तास एका जागी बसणं. पहिल्या सहामाहीत पेपर अर्धा कोरा आला, उत्तरं येत होती, हात चालत नव्हता. वर्षभरात सावरली. आता दहावीत आहे, रोज बसनं जाते. धाकटा मात्र अजून घरीच आणि त्याला विचारलं तर नको म्हणतो. एका आईच्या पोटची दोघं, तरी एकाला चाललेलं दुसरीला चाललं नाही.

म्हणून मुलगी नऊ वर्षांची आहे म्हणता तर तिला आत्ताच विचारा, आणि दर मार्चमध्ये परत विचारा. ती कुठं उभी आहे हे बघायला वर्षातून एकदा कर्नाटकाच्या मराठी माध्यमाची तिच्या इयत्तेची पुस्तकं समोर ठेवा आणि घड्याळ लावून लिहायला लावा. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला पेपरातली बातमी न अडखळता वाचता यावी, आजीला पानभर पत्र लिहिता यावं, मोठा भागाकार आणि साधे अपूर्णांक यावेत, आपल्या गावचा नकाशा काढता यावा. एवढं येत असेल तर ती मागं नाही. पाच वर्षांच्या मुलाची दोन वर्षं काळजी करू नका, त्याला गोष्टी सांगा, नाचणी पाखडायला लावा, मोजायला लावा.

आता तुम्ही काय करावं असं मला वाटतं ते सांगते. यंदा जूनमध्ये मुलांची शाळा चालूच ठेवा आणि फ्लॅट पण सोडू नका. ऑक्टोबरपासून जागेवर जोतं, स्वयंपाकघर, न्हाणी बांधा, फेब्रुवारीपर्यंत यर्ट उभं करा, शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी तिथं राहा. पुढचा पावसाळा तिथून शाळेत सोडा-आणायचं करून बघा, ओढा कितींदा अडवतो, मुलं किती आजारी पडतात, तुमचे कॉल कितींदा तुटतात, सगळं वहीत लिहा. तो पावसाळा निभला, आणि तुम्हाला दोघांना अजून एकमेकांशी बोलावंसं वाटत असेल, तर त्याच्या पुढच्या वर्षी शाळेचा निर्णय घ्या. सासरच्या मंडळींना पण हे पटायला सोपं जातं, कारण तुम्ही त्यांच्या नातवंडांची शाळा अजून काढलेली नाही. आमच्या सासूबाई दोन वर्षं आल्याच नव्हत्या. चिऱ्यांची न्हाणी बांधली त्या वर्षी आल्या.

एकदा बघून जायचं असेल तर डिसेंबरात येऊ नका, डिसेंबरात सगळ्यांनाच आवडतं. रोप लावणीच्या वेळी, जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या, मुलांना घेऊन, दोन रात्री राहायच्या तयारीनं. मिस्टरांना पण आणा आणि त्यांना लॅपटॉप बरोबर घ्यायला सांगा. ओढ्याला पाणी असेल तर गाडी अलीकडं लावून चालत यावं लागेल, म्हणून सामान कमी आणि मुलांचे कपडे दोन जोड जास्त.